देवाच्या फोटोमागची सहा कार्डं

पत्र :

ताई, माझं माहेर सोलापूर. लग्न होऊन पुण्यात आले त्याला चौदा वर्षं झाली. दादा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होता. कारखाना बंद पडला आणि दादा हळूहळू पिण्यात गेला. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला, टीबी निघाला. दोन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटायला लागल्यावर बंद केल्या. वहिनी घरी विड्या वळते. आईच्या आजारपणात काढलेले पैसे आणि नंतरचे, असे तीन फायनान्सचे हप्ते आहेत, आठवड्याला मिळून २,१०० रुपये. आई पक्षाघाताने अंथरुणावर आहे, तिला सत्तरी लागली. भाची पंधरा वर्षांची. नववीत शाळा सुटली, आता वहिनीबरोबर विड्या वळते. तिला एक स्थळ आलंय. भाचा आठ वर्षांचा, अजून नीट बोलत नाही, शाळेतल्या बाई म्हणतात घरीच ठेवा. (दादा कधीकधी वहिनीवर हात उचलतो, पण तसा तो मनाने वाईट नाही.) मी दर महिन्याला ३,००० पाठवते. त्यातले घरात किती जातात, देव जाणे. आमचे हे म्हणतात, फुटक्या रांजणात पाणी ओतू नकोस. दादाला पुण्याला आणून व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू का? भाचीला माझ्याकडे आणू का? कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही.
– एक बहीण, पुणे

उत्तर :

ताई, तुमचं पत्र चार पानांचं होतं, इथे थोडक्यात छापलंय. तुम्ही सगळं लिहिलंत हे बरं केलंत, कारण बहुतेक जण एकच प्रश्न लिहितात आणि बाकीचे पाच लपवतात.

आधी माझी एक चूक सांगते. समाजकार्याच्या नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका वस्तीत अशाच घरी मी महिनाभर जात होते. एक दिवस त्या बाईंनी देवाच्या फोटोमागे हात घातला आणि सहा कार्डं काढून माझ्यासमोर मांडली, पत्त्याच्या डावासारखी. एक दवाखान्याचं, एक बालवाडीवाल्यांचं, एक बचत गटाचं, एक व्यसनमुक्तीवाल्यांचं, एक वकील बाईंचं आणि सहावं माझं. म्हणाल्या, "तुम्ही सहा जण येता, सहा वेळा चहा टाकते, सहा वेळा तीच कहाणी सांगते. कुणी मला विचारलं का, मला काय पायजे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दाराला आतून कडी पायजे." नवरा रात्री पिऊन यायचा आणि दार ढकललं की उघडायचं. लोखंडी कडी आणि सुताराची मजुरी, एवढाच खर्च. आम्हा सहा जणांच्या फायलींत ती कडी कुठेच नव्हती.

तेव्हापासून अशा घराची मी यादी करत नाही. कशामुळे काय अडलंय ते बघते. तुमच्या पत्रातच बघा. वहिनी विड्या वळतात, म्हणजे तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद आणि बहुधा खिडकीही लावलेली. त्याच खोलीत औषध सोडलेला टीबीचा पेशंट, अंथरुणावरच्या आई आणि दोन मुलं. भाचीची शाळा सुटली ती अभ्यास झेपेना म्हणून नव्हे, हप्त्याच्या दिवसाआधी हजार विड्यांचा हिशोब पुरा करायला आणखी दोन हात लागतात म्हणून. स्थळ आलंय तेही, माझा अंदाज, एक तोंड कमी होईल या हिशोबातच घरात बोललं जातंय. तुम्हाला ही सहा दुखणी वाटतात. मला यात दोन गोष्टी दिसतात, टीबी आणि हप्ता. बाकीचं बरंचसं त्यांच्या मागून आलंय. एक तिसरी आहे, ती तुम्ही कंसात टाकलीत. तिच्याकडे येते.

टीबीचं काम या आठवड्यातलं आहे. मधेच सोडलेलं औषध पुन्हा सुरू करताना जुन्या गोळ्या मेडिकलमधून आणून सुरू करायच्या नसतात. थुंकी पुन्हा तपासावी लागते, कारण अर्धवट औषधाने जंतू त्या गोळ्यांना दाद देईनासे होतात, आणि मग सहा महिन्यांचा उपचार लांबू शकतो आणि जड होतो. तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी यंत्रणेत फुकट आहे. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला जायचं, जुनं टीबीचं कार्ड बरोबर न्यायचं. कार्ड हरवलं असेल तरी नाव संगणकात आहे. "मधे बंद केलं होतं" हे लपवायचं नाही, ओरडा बसला तरी. आणि दारूचंही डॉक्टरांना खरं सांगायचं, कारण टीबीच्या काही गोळ्या आणि दारू दोन्ही यकृतावर येतात. दारू सुटेपर्यंत गोळ्या नकोत, असा निष्कर्ष मात्र घरच्या घरी काढू नका.

त्याच फेरीत घरातल्या सगळ्यांची तपासणी मागून घ्या. तो त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे. उपचार चालू असेपर्यंत पेशंटला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). ते बँक खात्यात येतात. दादाच्याच खात्यात आले तर त्यांची अंडी येतील की क्वार्टर, हे तुम्ही जाणता. घरातल्या दुसऱ्या कुणाचं खातं लावता येईल का, ते केंद्रातल्या टीबीच्या कर्मचाऱ्याला विचारा. आणि विड्या वळायला जागा बदलता आली तर बघा. ओटा, शेजारणीची पडवी, काहीही चालेल. निदान दादांची झोपायची जागा खिडकीखाली करा आणि ती खिडकी उघडी राहू द्या.

आता कंसातलं वाक्य. "मनाने वाईट नाही" हे खरं असेल. तुम्ही बहीण आहात, तुमच्या डोळ्यांसमोर तुम्हाला सायकलवर शाळेत सोडणारा दादा असेल. वहिनीसमोर दुसरा माणूस असतो. हा प्रश्न फोनवर, आणि तोही स्पीकरवर, विचारू नका. समोर एकट्या असताना विचारा. तेही "मारतो का?" असं नाही. "त्या रात्री तुम्ही काय करता, कुठे जाता?" असं विचारा. शेजारी कुणाकडे जाता येतं, मुलांना कोण घेतं, आधारकार्ड आणि थोडे पैसे घराबाहेर कुणाकडे ठेवता येतील, एवढं ठरलेलं असावं. मार सुरू असेल तर ११२. नुसतं बोलायचं असेल तर १८१, बायकांसाठीची हेल्पलाइन.

वहिनींना बहुधा भीती असेल की तक्रार म्हणजे नवरा आत आणि संसार मोडला. तसं नसतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, मारू नये असा आदेश मागता येतो, घटस्फोट न घेता. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतो. आणि आपल्या राज्यात एक चांगली सोय आहे, ती फार कमी बायकांना माहीत असते. महिला व मुलांसाठी विशेष कक्ष. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयात तो पहिल्यांदा सुरू केला, आता बऱ्याच जिल्ह्यांत आहे. बसतो पोलिसांच्या आवारात, पण समोर खुर्चीवर समाजकार्य शिकलेली बाई असते. नवऱ्याला बोलावून समजही देतात आणि गरज पडली तर पुढचा रस्ताही दाखवतात. जायचं की नाही, कधी जायचं, हे वहिनी ठरवतील. तुम्ही नाही, मीही नाही.

हप्त्यांकडे येते, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण या विषयावर मदत करणारी माणसं सगळ्यात कमी बोलतात. आठवड्याला २,१०० म्हणजे महिन्याला नऊ हजार. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा आहे की मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना त्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे तुमच्या दादांच्या घरात महिन्याला अठरा हजार येत असायला हवेत. येतात का? मग तिसरं कर्ज कुणी कोणता आकडा लिहून दिलं? हे विचारायला तुम्हाला वकील नको. तिन्ही पासबुकं किंवा कर्जाची कार्डं घ्या. किती घेतले, किती फेडले, किती बाकी, विमा कापलाय का, एका कागदावर लिहा. मग वहिनींना घेऊन शाखेत जा, सेंटर मीटिंगला नाही. मीटिंगला गटातल्या नऊ बायका बसलेल्या असतात आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या पदराला खार लागते. तिथे वहिनी तोंड उघडणार नाहीत. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या : घरात टीबीचा पेशंट, कमावतं एकच माणूस, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्यावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

वसुलीला माणूस सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येऊ शकत नाही, शिवीगाळ करू शकत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अब्रू काढू शकत नाही. हे वहिनींना तोंडपाठ करून द्या. नियम ठाऊक असलेल्या बाईशी तो माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी बघितलंय. आणि चौथं कर्ज नाही. तीन फेडायला चौथं, हा रस्ता कुठे जातो ते सोलापूरच्या कुठल्याही गल्लीत विचारा. गल्लीतल्या एखाद्या बिनपरवाना सावकाराचे पैसेही असतील, असा मला संशय आहे. वहिनी ते शेवटी सांगतील. त्याच्यासाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे, तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे होते.

तुमच्या तीन हजारांबद्दल. रोख पाठवू नका. तीनपैकी सगळ्यात लहान कर्ज बघा आणि वहिनी हो म्हणाल्या तर त्याचा हप्ता थेट भरा. ते मिटलं की घरात दर आठवड्याला तेवढी जागा होते, आणि ती जागा भाचीच्या शाळेची असेल असं आधीच बोलून घ्या. तुमच्या यजमानांना सांगा, रांजण फुटका आहे हे मान्य, पण भोक कुठे आहे ते आता दिसलंय.

भाची. अठरा पूर्ण नसताना लग्न हा गुन्हा आहे, ठरवणाऱ्यांचाही आणि लावणाऱ्यांचाही. बोलणी पुढे सरकतायत असं वाटलं तर १०९८ लावा. फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. पण त्याआधी दादा-वहिनींना सरळ विचारा, घाई कशाची आहे? दहातल्या आठ घरांत उत्तर "पोरगी वयात आली, आम्ही दिवसभर कामात, हे असं पिणं, काही झालं म्हणजे?" असं येतं. त्यांची भीती खोटी नाही, फक्त उपाय चुकीचा आहे. शाळेत परत जाणं पहिलं. मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः भेटा, पुण्याहून आलेल्या आत्याचं शाळेत ऐकतात. अगदीच नाही जमलं तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, पण ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, कारण घरी बसलेल्या मुलीच्या हातात पुस्तकाआधी विड्या वळायचं सूप येतं. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती असते. त्यासाठी वहिनींचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ते काढलेलं आहे का बघा. अनेक जणी वीस वर्षं विड्या वळतात आणि नोंद सासूच्या नावावर असते.

तिला तुमच्याकडे आणावं का? मनावर घेऊ नका, पण एक विचारते. तुमच्या घरी ती भाची म्हणून येईल की कामाला मदत म्हणून? तुम्ही म्हणाल भाची. सहा महिन्यांनी तुमच्या घरात सकाळचा चहा कोण टाकत असेल, याचा विचार करून ठेवा. आणि तिकडे आजीचं कोण करतं? मला वाटतं तीच करते. ती निघाली की तिचं काम वहिनींवर पडणार, मग विड्या कमी, मग हप्ता. लग्नाचा धोका अगदी उंबऱ्यावर असेल तर जरूर आणा, इथल्या शाळेत नाव घालून आणा. नाहीतर आधी तिला विचारा. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःबद्दल मत असतं.

भाच्याबद्दल "घरीच ठेवा" म्हणणाऱ्या बाईंचं चुकलं. चौदा वर्षांपर्यंत शाळा हा त्याचा हक्क आहे, बोलता येवो न येवो. पण आधी त्याचे कान तपासा. बोलत नाही म्हटलं की सगळे बुद्धीवर जातात, आणि कैक वेळा मूल ऐकतच नसतं. सिव्हिलला कान, मग बालरोग, गरज वाटली तर पुढचं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर निघालं तर प्रमाणपत्र आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज.

आईंचं वय ६५ च्या वर आहे, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना, महिन्याला १,५०० रुपये, अर्ज तहसीलला. तिथे वर्षाला २१,००० च्या आतल्या उत्पन्नाचा दाखला मागतात. एवढ्यात घर वर्षभर कसं चालतं हे ज्यांनी आकडा ठरवला त्यांनाच ठाऊक, पण दाखला मिळतो. आईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला हवं, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि मग सातवं दुखणं सुरू. पुढे-मागे दवाखान्याचा मोठा खर्च आला तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे रेशनकार्ड दाखवायचं.

दादांना आत्ता पुण्याला आणू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतेय, मुद्दामच. टीबीचं औषध नव्याने सुरू होत असताना गाव बदललं की गोळ्या पुन्हा तुटतात. आणि रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर कुणाकुणाला आकडी येते, भ्रम होतो, जिवावर बेततं. खोलीत कोंडून दारू सोडवायचा प्रयोग करू नका, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालची गोष्ट आहे. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात सुरुवात करता येईल, त्यांना पटेल तेव्हा. फोनवर बोलायचं तर १४४४६. दोन-तीन महिने गोळ्या नीट गेल्या, थुंकी स्वच्छ आली, की पुण्यातल्या केंद्राचा विचार करू. तुमच्या शहरात १९८६ पासून मुक्तांगण आहे, आणि तिथे बायकोलाही उपचाराचा भाग मानतात. वहिनींना त्या वेळी तुमच्याकडे राहायला बोलवा. तो कदाचित त्यांच्या लग्नानंतरचा पहिलाच आठवडा असेल जेव्हा मांडीवर सूप नाही.

एवढं सगळं करणार कोण, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. माझ्याही. आमच्या विषयाची देशातली पहिली शाळा १९३६ साली मुंबईत निघाली, नागपाड्याच्या कामगार वस्तीतल्या केंद्रात. म्हणजे घरात जाऊन घर बघायचं, हे तेव्हापासून ठाऊक आहे. तरी अजून टीबीवाल्याला टीबी दिसतो, फायनान्सवाल्याला हप्ता आणि शाळेला गैरहजेरी. सगळ्यांची दोरी एका हातात धरणारं माणूस लागतं. सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात. ओपीडीच्या गर्दीत ती खोली कुणाला सापडत नाही, तुम्ही विचारत विचारत शोधा. त्यांना सगळं एकदाच सांगा आणि विचारा, तुम्ही या घराचं बघाल का, किंवा इथली कुठली संस्था बघेल? ज्यांच्याकडे फोन करायचा ते नाव एकच असू द्या. आणि तुमचं काम पुण्यातून : एक प्लास्टिकची फाइल, सगळ्या कागदांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये, आणि रविवारी दुपारी वहिनींना फोन. दादांना नाही, वहिनींना. बाकीचे सहा दिवस तुमच्या घराचे.

येत्या शनिवारी जा. मिठाई नको, साडी नको. दुपारी दादा बाहेर असताना वहिनींजवळ बसा, कात्री घ्या आणि पानं कापायला लागा. वाकडी कापली तरी चालेल, त्या हसतील. मग विचारा, "वहिनी, तुम्हाला आधी काय पाहिजे?" आणि गप्प बसा. कदाचित माझ्या या सगळ्या पानभर सल्ल्यात नसलेलीच गोष्ट त्या मागतील. ती आधी करा.

निघताना टीबीचं कार्ड, तिन्ही पासबुकं आणि विडीचं ओळखपत्र यांचे फोटो काढून आणा. मला परत लिहा, आणि पत्रात सगळ्यात वर, कंस न घालता, भाचीचं स्थळ कुठवर आलंय ते लिहा.